आधी खोड पाहावे

कुंडीत वाढवलेल्या लहानशा झाडाला जपानी भाषेत बोन्साय म्हणतात. ‘बोन’ म्हणजे उथळ तबक आणि ‘साय’ म्हणजे लावलेले रोप. आपल्या मराठीत ह्याला वामनवृक्ष असे अर्थपूर्ण नाव मिळाले आहे. गेल्या काही वर्षांत आमच्या सीमाभागातील खेड्यापाड्यांतही एखाद्या घराच्या ओट्यावर किंवा परसात असा वामनवृक्ष दृष्टीस पडू लागला आहे. कोणी तो शहरातील रोपवाटिकेतून विकत आणतो, तर कोणी भिंतीच्या फटीतून निघालेले वडाचे रोप उचलून कुंडीत लावतो. मला ह्या झाडांचा वीस वर्षांचा नाद आहे, हे ठाऊक असल्यामुळे पुष्कळजण आपापली कुंडी हातात घेऊन माझ्याकडे येतात. सर्वांचा प्रश्न एकच असतो. ‘फादर, ह्याला कोणता आकार देऊ?’

प्रश्न साधा दिसतो. परंतु उत्तर देण्यापूर्वी बराच विचार करावा लागतो. फांदी कापली तर तिच्या जागी बहुधा दुसरी फुटते. खोड कापले, तर मात्र त्या झाडाची पुढील आठदहा वर्षे ठरून जातात आणि मागे फिरण्याची वाट राहत नाही. यास्तव ह्या विषयावर थोडे सविस्तर लिहावे असे मनात आले.

प्रथम एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. बोन्साय ही झाडाची निराळी जात नव्हे. वड, चिंच, डाळिंब, चिकू ही आपली नेहमीचीच झाडे. त्यांची मुळे व फांद्या वेळच्या वेळी छाटून आणि कुंडीतील माती दर दोनतीन वर्षांनी बदलून त्यांची उंची आटोक्यात ठेवलेली असते. त्यांना उपाशी ठेवले जाते, अशी काहींची समजूत आहे. तसे केले तर झाड लहान राहत नाही, ते मरते. पाणी, ऊन आणि खत ह्या तिन्ही गोष्टी त्याला रानातील झाडाइतक्याच लागतात.

ही विद्या मूळची चीनची. तेथून ती शेकडो वर्षांपूर्वी जपानात गेली आणि जपानी माळ्यांनी तिला शिस्त लावली. १९२३ साली झालेल्या भूकंपात तोक्यो शहराची भयंकर हानी झाली. त्यानंतर तेथील काही बोन्साय-माळी शहराच्या उत्तरेस ओमिया येथे गेले आणि १९२५ साली त्यांनी तेथे एक वसाहत वसवली. येथे राहावयाचे तर किमान दहा बोन्साय बाळगावेत, घर दुमजली बांधू नये, भिंतीऐवजी जिवंत झाडांचे कुंपण घालावे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला झाडे पाहता यावीत म्हणून फाटक उघडे ठेवावे, असे नियम त्यांनी आपणांस घालून घेतले. ही वसाहत आजही आहे. २०१० साली तेथे बोन्सायांचे एक संग्रहालयही उघडण्यात आले.

जपानी माळ्यांनी झाडांच्या आकारांना निरनिराळी नावे दिली आहेत. ही नावे प्रथम ऐकणाऱ्यास अवघड वाटतात. पुण्यात शिकत असताना मी एका पुष्पप्रदर्शनात ती प्रथम वाचली, तेव्हा मलाही ती एखाद्या अवघड व्याकरणासारखी वाटली होती. परंतु ह्या नावांमागील झाडे काही कोणा कारागिराच्या कल्पनेतून निघालेली नाहीत. डोंगर, वारा, बर्फ आणि दाटी ह्यांनी खऱ्या झाडांना जे आकार दिले, त्यांचीच ही नावे आहेत. आपल्या भागात बर्फ नाही. बाकी सर्व आहे. म्हणून ती नावे जपानी झाडांवरून न सांगता आपल्या पायाखालच्या वाटेवरून सांगतो.

समुद्रकिनाऱ्यावर सुरूची बने असतात. दाट बनाबाहेर एकटे उभे असलेले सुरूचे झाड पाहावे. बुंधा जाड, वर जाता जाता खोड सारखे निमुळते, कोठेही वाक नाही, आणि फांद्या खालून वर क्रमाने आखूड होत गेलेल्या. ह्या सरळसोट आकाराला चोक्कान म्हणतात. ह्यात पहिली फांदी साधारणपणे उंचीच्या एकतृतीयांशावर ठेवतात. नवशिक्याला हा आकार सर्वांत सोपा वाटतो. वास्तविक तो सर्वांत कठीण आहे, कारण सरळ रेषेत लहानसा दोषही लपत नाही.

शेताच्या बांधावरील बहुतेक झाडे अशी सरळ नसतात. खोड एकदा डावीकडे वळते, मग उजवीकडे, आणि तरीही शेंडा पुन्हा बुंध्याच्या वर येऊन थांबतो. हा मोयोगी. जगातील बहुसंख्य बोन्साय ह्याच आकाराचे असतात. आपली चिंच, चिकू, डाळिंब ह्यांना तो स्वभावतःच मानवतो. ह्यात फांद्या वळणाच्या बाहेरच्या बाजूस ठेवाव्या लागतात. आतल्या बाजूची फांदी डोळ्याला खुपते.

ओढ्याच्या काठावरील झाड पाण्याकडे कललेले असते. खोड सरळ असो वा किंचित वळलेले, त्याचा शेंडा बुंध्याच्या वर नसतो, एका बाजूस गेलेला असतो. हा शाकान. जमिनीशी त्याचा कोन साधारणपणे साठ ते ऐंशी अंशांचा असतो. असे झाड पडत का नाही, हे त्याच्या मुळांकडे पाहिले की कळते. ज्या बाजूला झाड कलले आहे, तिच्या विरुद्ध बाजूची मुळे दोरखंडासारखी ताणलेली आणि बळकट असतात. कुंडीतही ती तशीच दिसली पाहिजेत आणि पहिली फांदी कलाच्या विरुद्ध दिशेस गेली पाहिजे. मुळांचा हा आधार दिसला नाही, तर पाहणाऱ्याला झाड कोणी धक्का देऊन पाडल्यासारखे वाटते.

घाटाच्या कड्यावरून करवंदीची जाळी खाली लोंबताना आपण सर्वांनी पाहिली आहे. खोड कुंडीच्या काठावरून खाली उतरून त्याचे टोक कुंडीच्या तळाच्याही खाली गेले, तर तो केंगाई. काठाच्या खाली पण तळाच्या वर राहिले, तर तो हान-केंगाई, म्हणजे अर्धा. बोगनवेलीला हा आकार शोभतो. मात्र झाडाचा सारा जोर वर जाण्याकडे असतो. त्यामुळे खाली गेलेले टोक हळूहळू अशक्त होते आणि वरचे फुटवे माजतात. वरचे फुटवे सतत खुडत राहण्याची चिकाटी ज्याच्यापाशी आहे, त्यानेच केंगाई करावा. त्याची कुंडी उंच लागते आणि ती उंच जागीच ठेवावी लागते. घरात कोंबड्या व लहान मुले असतील, तर ह्याचाही विचार केलेला बरा.

घाटमाथ्यावरील झाडांच्या साऱ्या फांद्या एकाच दिशेला गेलेल्या असतात. वर्षानुवर्षे एकाच बाजूने येणारा वारा दुसऱ्या बाजूच्या कोवळ्या फुटव्यांना टिकू देत नाही. हा फुकिनागाशी. दाट रानात चहूकडून कोंडलेले झाड उजेडासाठी उंच धावते. त्याचे खोड बारीक, वाकडेतिकडे आणि उघडे राहते व पाने शेंड्यावर चारदोनच असतात. ह्या आकाराला बुंजिन म्हणतात. जुन्या चिनी पंडितांनी काढलेल्या चित्रांतील झाडांवरून तो आला आणि त्या नावाचा अर्थही ‘विद्वान माणूस’ असाच आहे. खराटा उलटा उभा करावा तशा ज्याच्या फांद्या एका जागेतून वर पसरतात, त्याला होकिदाची, म्हणजे खराट्यासारखा, असे नाव आहे. जपानात तो झेल्कोवा नावाच्या पानगळीच्या झाडाचा करतात.

राहिला सेकिजोजू, म्हणजे दगडाला मुळांनी कवटाळून जमिनीत उतरलेले झाड. तो पाहण्यासाठी तर आपल्याला घराबाहेरही जावे लागत नाही. आपल्या भागातील जुनी घरे, विहिरी आणि कुंपणे जांभ्या दगडाची आहेत. पाखरे वडापिंपळाची फळे खातात आणि त्यांच्या विष्ठेतून बी दगडांच्या सांध्यात पडते. तेथे रुजलेले रोप लहान असतानाच काढावे लागते, नाहीतर मुळे जाड होऊन भिंत फुटते. आमच्या चर्चच्या आवारभिंतीतून मी दरवर्षी पावसाळ्यात अशी पाचसहा रोपे काढतो. सांध्यात वाढलेली त्यांची मुळे वेणीसारखी चपटी व पसरलेली असतात. अशा रोपाला सरळसोट करू पाहणे व्यर्थ आहे. जांभ्याचाच एखादा तुकडा घ्यावा, मुळे त्याच्यावर पसरून सुतळीने बांधावीत आणि दगडासह मातीत पुरावे. जांभा सच्छिद्र असल्यामुळे पाणी धरून ठेवतो. दोनतीन वर्षांनी वरची माती थोडी थोडी काढत गेले की मुळांनी दगड धरलेला दिसतो. ह्या रोपाचा आकार भिंतीने आधीच ठरवलेला होता; आपण त्याला मान्यता द्यायची, इतकेच.

भिंतीच्या रोपाला जे लागू, तेच इतर झाडांनाही लागू आहे. माझ्याकडे कुंडी आणणारा बहुधा मोबाइलवर पाहिलेले एखादे चित्र पुढे करतो आणि ‘असे पाहिजे’ म्हणतो. चित्र पाहू नये असे मी म्हणत नाही. पण चित्र पाहण्यापूर्वी झाड पाहावे, आणि झाड पाहताना शेंडा शेवटी पाहावा. पाने फसवतात. दाट, हिरवीगार पाने पाहून आपण भुलतो; परंतु पाने दोन महिन्यांत बदलता येतात, फांद्या दोनतीन वर्षांत बदलता येतात, आणि खोड मात्र बदलणे फार कठीण. म्हणून जे बदलता येत नाही, त्यापासून आरंभ करावा.

तो असा. बोटांनी किंवा बांबूच्या काडीने बुंध्याभोवतीची माती हळूहळू उकरावी आणि वरची मुळे कोठे फुटली आहेत ते पाहावे. ह्या मुळांच्या घेराला जपानी लोक नेबारी म्हणतात आणि झाडाची किंमत तिच्यावरून ठरवतात. मुळे चहूकडे सारखी पसरली असतील, तर झाड उभे ठेवता येईल. एकाच बाजूला बळकट असतील, तर ते झाड कलण्यासाठीच झालेले आहे. त्यानंतर झाड चारी बाजूंनी फिरवून पाहावे. आमच्या इकडे अडगळीत पडलेली जाती पुष्कळ आहेत. जात्याच्या वरच्या तळीवर कुंडी ठेवली की ती सावकाश फिरवता येते. ह्याहून चांगले साधन मला विकतही मिळाले नाही. डोळे खोडाच्या उंचीला आणावेत, म्हणजे सरळ खाली बसावे. ज्या बाजूने बुंधा सर्वांत रुंद दिसतो आणि खोडाचा वाक स्पष्ट दिसतो, ती झाडाची दर्शनी बाजू. ती ठरली की निम्मा आकार ठरला.

हे सारे पुस्तकी वाटू नये, म्हणून आमच्या धर्मग्रामातील एका चिंचेची हकीकत सांगतो.

तीन वर्षांपूर्वी आमच्या गावच्या वेशीवरील रस्ता रुंद करण्यात आला. त्यात एका शेतकरी कुटुंबाची विहीर आणि विहिरीवरील मोठी चिंच गेली. ही चिंच किती जुनी होती हे कोणालाच ठाऊक नव्हते. घरातील म्हाताऱ्याचे वय तेव्हा पंचाहत्तर होते आणि त्याच्या आजोबांनीही ती मोठीच पाहिलेली होती. नुकसानभरपाई मिळाली, पण चिंचेचे असे काय मिळणार? झाड तोडण्याच्या आदल्या आठवड्यात म्हाताऱ्याने मला बोलावून नेले. चिंचेच्या सावलीच्या कडेला तिच्याच बियांची काही रोपे उगवली होती. बहुतेक शेळ्यांनी खाऊन टाकली होती. एक मात्र सारखे खाल्ले जाऊनही तग धरून होते. उंची अडीच फूट, बुंधा दोन अंगठ्यांएवढा जाड, साल आताच खडबडीत. पावसाच्या तोंडावर आम्ही ते मुळाभोवतीच्या मातीसह काढले. चिंचेचे सोटमूळ खोल जाते. ते एक हातावर कापावे लागले. तळाला भोके पाडलेल्या एका जुन्या घमेल्यात रोप लावून मी सांगितले की वर्षभर ह्याला कोणी हात लावू नये. मूळ धरल्याखेरीज आकाराची गोष्ट काढणे योग्य नव्हे.

पुढच्या वर्षी नवी पालवी फुटल्यावर मला पुन्हा बोलावणे आले. त्या दिवशी बेळगावला कारखान्यात काम करणारा थोरला मुलगा आला होता. धाकटा शेतीच पाहतो. दोघांचे एकमत होते. गेलेल्या चिंचेसारखाच आकार पाहिजे. रस्त्यावरून येणाराला दुरून दिसणारा तो भरगच्च, छत्रीसारखा पसारा त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. माझ्यापुढे दोन मार्ग होते आणि ते मी दोन्ही त्यांना सांगितले.

पहिला मार्ग असा. खोड बुंध्यापासून वीतभर उंचीवर आडवे कापावे. कापलेल्या जागेखालून जे फुटवे येतील, त्यांतील चारपाच चहूकडे ठेवून त्यांचीच छत्री बांधावी. चिंच सावकाश वाढणारी. कापलेली जागा भरून यायला आणि छत्री दाट व्हायला आठदहा वर्षे लागतील. शिवाय नुकतेच उपटलेले रोप एवढा घाव सोसेलच, ही हमी कोणी देऊ शकणार नाही. दुसरा मार्ग म्हणजे रोप जसे आहे तसे स्वीकारावे. ते मोठ्या झाडाच्या सावलीत जन्मले, म्हणून उजेडाकडे कलत गेले. त्याचे खोड एका बाजूस साधारण सत्तर अंशांत झुकले होते आणि विरुद्ध बाजूस तीन मुळे चांगली जाड झाली होती. म्हणजे तो शाकानच होता. फक्त फांद्या नीट लावल्या, तर तीनचार वर्षांत पाहण्याजोगे झाड होईल.

मुलांना दुसरा मार्ग पसंत पडला नाही. थोरला म्हणाला, “फादर, वाकडं झाड घरात ठेवून त्याला आमची चिंच कसं म्हणायचं?” त्याचे म्हणणे मला चुकीचे वाटले नाही. ज्याची आठवण म्हणून झाड ठेवायचे, त्याच्यासारखे ते दिसावे अशी इच्छा कोणालाही होईल. पण रोप मेले तर आठवणही नाही आणि चिंचही नाही, ह्याची मला काळजी वाटत होती. मी तसे स्पष्ट बोललो आणि निर्णय त्यांच्यावर सोपवला.

म्हातारा इतका वेळ काही बोलला नव्हता. तो जात्याजवळ बसला आणि त्याने स्वतःच्या हाताने तळी फिरवली, पुन्हा फिरवली. मग म्हणाला, “ही पोरं शेंड्याकडं बघून बोलालेत वो फादर. बुडाकडं कोण बघतंय? आमची चिंच सरळ कुठं होती? विहिरीकडं वाकलेली होती. म्हणून तर आम्ही पोरं चालत चालत वर जायचो.”

धाकट्याला ते पटेना. तेव्हा म्हाताऱ्याने सुनेला आतून एक जुने छायाचित्र आणावयास सांगितले. ते त्याच्या धाकट्या बहिणीच्या लग्नातले होते. वऱ्हाडी मंडळी विहिरीपाशी उभी होती आणि त्यांच्या मागे चिंचेचे खोड होते. खोडाचा शेंडा चित्रात मावला नव्हता, त्यामुळे खोडाखेरीज पाहण्यासारखे काही नव्हतेच. ते विहिरीकडे कलले होते आणि त्याच्यावर दोन मुले पाय सोडून बसली होती. मुलांनी चित्र बराच वेळ पाहिले. थोरला एवढेच म्हणाला की आपण लहान होतो तोपर्यंत विहिरीचा कठडा उंच बांधला गेला होता, म्हणून तिकडे कोणी चढू देत नसे.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. आईचा कल मुलीत आला, असे त्या घरी आता सर्वजण म्हणतात. झाडांच्या बाबतीत हे खरे नाही. मोठी चिंच बहुधा विहिरीच्या भुसभुशीत काठामुळे कलली असेल आणि रोप उजेडासाठी कलले. बीजातून वाक येत नसतो. पण त्या घरी हा खुलासा करण्याचे मला कारण दिसले नाही. निर्णय झाला होता आणि तो झाडाला मानवणारा होता.

मग कामाला सुरुवात केली. कलाच्या बाजूची एक जाड फांदी काढली आणि विरुद्ध बाजूची एक खालची फांदी पहिली फांदी म्हणून ठेवली. बोन्सायाला तार गुंडाळून वळवण्याची रीत आहे. तारेची जाडी फांदीच्या साधारण एकतृतीयांश असावी, ती पंचेचाळीस अंशांत गुंडाळावी आणि सालीत रुतण्यापूर्वी काढावी. चिंचेची जुनी फांदी मात्र चिवट असूनही वळवताना सालीपासून फाटते. कोवळ्या फुटव्यालाच तार मानवते. म्हणून आम्ही दक्षिण चीनमधील लिंगनान पद्धत स्वीकारली. तिच्यात तारेवर भर नसतो. फुटवा वाढू द्यायचा. ज्या दिशेला फांदी न्यायची, त्या दिशेच्या डोळ्यावर तो कापायचा. नवा फुटवा वाढला की पुन्हा कापायचा. प्रत्येक कापणीला एक वळण मिळते. घरातील कात्रीशिवाय ह्याला काही लागत नाही आणि खेड्यातील माणसाला हीच पद्धत मी सुचवतो.

आकार निवडताना आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी लागते, ती म्हणजे पाणी कोण घालणार. सर्वसाधारण नियमाप्रमाणे तबकाची लांबी झाडाच्या उंचीच्या दोनतृतीयांश आणि खोली बुंध्याच्या जाडीइतकी असावी. दोन अंगठ्यांच्या बुंध्याला हे तबक फारच उथळ होईल आणि आमच्याकडील एप्रिलच्या उन्हात ते दिवसातून दोनदा कोरडे पडेल. त्या घरी पाणी घालण्याचे काम सुनेकडे आहे आणि ती दुपारी शेतावर असते. तेव्हा नियम थोडा मोडून दुप्पट खोलीचे तबक घ्यायचे आम्ही ठरवले. कललेल्या झाडाला थोडे जड तबक शोभतेही. नियम जपानी हवेसाठी केलेले आहेत. आपल्या उन्हासमोर त्यांनी थोडे वाकावे. पिंपळाच्या बाबतीतही असेच करावे लागते. त्याचे पान मोठे व देठ लांब असल्यामुळे त्याचा वीतभर बोन्साय विजोड दिसतो. त्याला दोन फूट तरी उंच ठेवावे. वडाला पावसाळी हवेत पारंब्या सुटतात. त्याला पसरू द्यावे. एक सूचना मात्र सर्वांसाठी आहे. राखीव जंगलातून झाड उपटून आणणे हा कायद्याने गुन्हा आहे. बांध, भिंत, परस आणि रोपवाटिका एवढ्यांत आपल्याला हवी तेवढी झाडे मिळतात.

असा निर्णय एका माणसाच्या आयुष्यापुरता राहत नाही, हेही ध्यानात ठेवावे. अमेरिकेत वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय वृक्षोद्यानात पांढऱ्या पाइनचा एक बोन्साय आहे. १६२५ सालापासून तो कुंडीत जोपासला जात आहे. हिरोशिमातील यामाकी कुटुंबाने तो पिढ्यान् पिढ्या सांभाळला. ६ ऑगस्ट १९४५ रोजी त्या शहरावर अणुबाँब पडला, तेव्हा हे झाड तेथून सुमारे तीन किलोमीटरवर, रोपवाटिकेच्या भिंतीआड होते. घरची माणसे वाचली आणि झाडही वाचले. १९७६ साली मासारू यामाकी ह्यांनी ते अमेरिकेला भेट दिले. ज्या देशाने बाँब टाकला, त्यालाच. झाडाची ही पूर्वकथा तेथे कोणाला माहीत नव्हती. २००१ साली यामाकींचे नातू ते झाड पाहण्यास गेले, तेव्हा ती कळली. पहिल्या माळ्याने त्या झाडाचे खोड पाहून जे ठरवले, ते त्याच्यामागून आलेले सर्वजण पुढे चालवीत आले आहेत.

त्याच वृक्षोद्यानातील संग्रहालयात दुसरा एक बोन्साय आहे. लॉस एंजलिस येथील जॉन नाका ह्यांनी १९४८ पासून जुनिपरची झाडे वाढवून एका तबकात त्यांचे रान उभे केले. त्यात अकरा झाडे आहेत, कारण नाकांना अकरा नातवंडे होती. १९८४ साली त्यांनी ते संग्रहालयाला दिले. एकत्र लावलेल्या अनेक झाडांच्या ह्या आकाराला योसे-उए म्हणतात. ज्यांच्याजवळ एकही देखणे रोप नाही, पण साधी बारीक रोपे पुष्कळ आहेत, त्यांना हाच आकार सर्वांत सोयीचा आहे. त्यातही जाड रोप मध्यभागाजवळ आणि बारीक रोपे कडेला लावावीत; म्हणजे पुन्हा खोडावरूनच जागा ठरते.

आमची चिंच आता तीन फूट झाली आहे. फांद्या दोनदोनदा कापून झाल्या. पहिली फांदी अजून अशक्त आहे, म्हणून तिचे टोक यंदा कापलेले नाही. ती शेंड्याइतकी जोमदार झाल्यावरच तिला हात लावू. घमेल्यातून तबकात हलवण्याचे काम येत्या पावसाच्या तोंडावर करायचे आहे. म्हाताऱ्याची नजर आता मंद झाली आहे. संध्याकाळी चिंचेची पाने मिटतात, हे तो बोटांनी चाचपून पाहतो आणि सुनेला दिवे लावायला सांगतो.